मायला किती पैसे मिळाले?

मागच्या आठवड्यात टीव्ही सेंटरजवळच्या टपरीवर एका ओळखीच्या कार्यकर्त्याने चार लोकांत मला विचारलं, "तुमच्या मातोश्रींना किती मिळाले होते हो, धर्म बदलायचे?" हसत हसतच विचारलं. माणूस वाईट नाही. रक्तदान शिबिरं घेतो, लॉकडाउनमध्ये डबे वाटत फिरला, त्याच्या बातम्या मीच लावल्यात. त्याला मनापासून असंच वाटतं की गरीब माणूस ख्रिश्चन झाला म्हणजे कुणीतरी पैसे मोजलेच असणार. सध्या तर 'आमिष' हा शब्द इतका स्वस्त झालाय की प्रेस नोटमध्ये धर्मांतराच्या आधी तो आपोआप येऊन बसतो.

तर उत्तर लिहितो. एक रुपया मिळाला नाही. उलट मायच दर रविवारी दानाच्या थैलीत दोन रुपये टाकायची, पुढे दहा टाकायला लागली. तिने बाप्तिस्मा घेतला १९९६ साली. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि मला तिचा राग आला होता. आता ती नाही, त्यामुळे लिहिता येतं.

आमचं गाव गोदाकाठचं. नाव लिहीत नाही, कारण गाव आता बरंच बदललंय आणि त्या वेळची बरीच माणसंही गेली. आम्ही मांग. शिंदीच्या पानांच्या केरसुण्या, दोरखंड आणि हलगी, यावर घर चालायचं. लक्ष्मीपूजनाला ज्या केरसुणीला हळदीकुंकू वाहतात ती आमच्या घरातून जायची. ती देणारा हात मात्र उंबऱ्याच्या बाहेरच थांबायचा. हे सगळ्यांना माहीत आहे, त्यात मी नवीन काही सांगत नाही.

मी सात वर्षांचा असताना माझी आजी वारली. तिसऱ्या दिवशी गावातल्या एका मोठ्या घरची वरात होती आणि बापाला हलगी घेऊन बोलावणं आलं. बाप म्हणाला, "मायचं सुतक आहे, आज वाजवनार न्हाई." बस एवढंच. त्याला भर चौकात मारलं. आमच्या केरसुण्या घेणं बंद झालं, बलुतं थांबलं, दुकानातून मीठ मिळेना. पोलिसांत गेला तर तिथल्या माणसाने त्यालाच समजावून परत पाठवलं. अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा १९८९ चा, आमचं प्रकरण त्याच्या आधीचं. महिनाभरात आम्ही एका ट्रंकेसह औरंगाबादेत, मुकुंदवाडीत. बाप मोंढ्यात हमाली करायला लागला. हलगी त्याने गावातच सोडली. मला आठवतंय, माझ्या चुलत्याच्या हातात दिली आणि म्हणाला, "मला पुन्हा दाखवू नको."

१९९२ ला बाप टीबीने गेला.

माय सिडकोत धुणीभांडी करायची. चार घरं. शहरात सुटका होते असं आम्हाला वाटलं होतं आणि बरीचशी झालीही होती, खोटं कशाला बोलू. इथे कुणी वरून पाणी ओतत नव्हतं. पण एका घरात तिच्यासाठी कान तुटलेला कप होता. तो गॅलरीत खिळ्याला टांगलेला असायचा. चहा पिऊन तिनेच धुवायचा आणि परत टांगायचा. ती ज्या हातांनी त्या घराची सगळी भांडी घासायची, त्याच हातांनी. या व्यवहारात तर्क शोधू नका, मी पंचवीस वर्षं शोधतोय.

मग त्यातल्याच एका घरात अंगठी हरवली. मायवर आळ आला. ती दिवसभर चौकीत बसून होती, तिला पाणीही कुणी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी अंगठी वॉशिंग मशीनच्या जाळीत सापडली. बाईंनी निरोप पाठवला, उद्यापासून ये. चुकलं वगैरे शब्द निरोपात नव्हता. माय गेली नाही. आणि एका घरून चोरीचा बोभाटा झाला की बाकीची घरंही जातात, तशी तीही गेली. मला फी भरायची होती, घरभाडं थकलं होतं. त्या आठवड्यात माय रात्री झोपायची नाही, नुसती बसून असायची. घरात एंड्रिन नव्हतं हे आमचं नशीब.

शेजारी जालन्याकडची एक मावशी राहायची. नर्सिंग होममध्ये आया होती. ती रोज ड्युटीवरून आली की मायजवळ बसायची. बोलायची कमी. जाताना डोळे मिटून हळू आवाजात प्रार्थना करायची आणि निघून जायची. मायने एकदा तिला चिडून विचारलं, "तुह्या देवाला माहीत हाय का मी चोरी केली न्हाई ते?" मावशी म्हणाली, "त्यालाबी चोरांच्या मधी टांगलं व्हतं." धर्मप्रसार म्हणायचा तर एवढाच झाला. माझी माय निरक्षर होती, पण हे वाक्य तिला जन्मभर पुरलं. ज्याच्यावर खोटा आळ आला, ज्याला चौकात मारलं, ज्याच्या बाजूने साक्ष द्यायला कुणी उभं राहिलं नाही, असा देव तिला पहिल्यांदाच भेटत होता. तोपर्यंतचे तिचे देव सगळे शस्त्र घेतलेले होते आणि मोठ्या घरांच्या बाजूने होते.

ती रविवारी मावशीबरोबर जायला लागली. दोन वर्षांनी बाप्तिस्मा. पहिलं प्रभुभोजन घेऊन आली तो दिवस मला लख्ख आठवतो. मी काही विचारत नव्हतो, रागातच होतो. तीच म्हणाली, "एकच पेला होता रे. सगळ्यांनी त्याच्यातूनच प्यायचं. माह्या आधी एक मास्तरीन व्हती, माह्या मागून बँकेतले सायब. पाळकसायबानं माझं झाल्यावर कपड्यानं काठ पुसला. मी म्हनलं, आलं का इथंबी. मग बघत बसले. त्यानं मास्तरनीचाबी पुसला, सायबाचाबी पुसला. समद्यांचा पुसला."

तिने रांग संपेपर्यंत मोजलं होतं. कोणाकोणाचा पुसतात ते.

कार्यकर्त्याला मी हे सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, म्हणजे आमिषच ना. असेल बाबा. एका पेल्याचं आमिष.

ही जालन्याकडची मावशी म्हणायची की आमच्या पणजोबापासून आम्ही 'बेथेलचे'. बेथेल म्हणजे काय हे मला तेव्हा कळलं नव्हतं. पुढे पत्रकारितेच्या डिप्लोमाला असताना बाळशास्त्री जांभेकर शिकवले गेले आणि भलत्याच दिशेने जाऊन मी जालन्याला पोचलो. ते सांगतो, कारण आपल्या धंद्याशी त्याचा संबंध आहे.

बाळशास्त्रींनी ६ जानेवारी १८३२ ला 'दर्पण' काढलं, म्हणून आपण त्या दिवशी पत्रकार दिन करतो, हार घालतो आणि जेवण करून घरी येतो. त्याच बाळशास्त्रींच्या आयुष्यात १८४३ साली एक वादळ आलं. मुंबईत नारायण शेषाद्री नावाचा ब्राह्मण तरुण स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकून ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, वय बाराच्या आसपास, तोही मिशनऱ्यांकडे राहायला गेला. प्रकरण कोर्टात गेलं, कोर्टाने पोराला बापाच्या ताब्यात दिलं. पण ख्रिस्त्यांच्या घरी जेवलेल्या पोराला जातीत परत कोण घेणार? त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावं म्हणून बाळशास्त्री उभे राहिले आणि त्यापायी त्यांनी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. धर्म सोडणाऱ्याला शिव्या देण्यापेक्षा परत येणाऱ्यासाठी दार उघडं ठेवा, असं म्हणणारा मराठी पत्रकारितेचा आद्य संपादक. आज हे वाचून बरं वाटतं.

श्रीपत परत आला. नारायण आला नाही. हा नारायण शेषाद्री पाळक झाला आणि १८६० च्या दशकात आपल्या मराठवाड्यात, जालन्यात येऊन राहिला. निजामाचा मुलूख. त्याच्याकडे आले ते बहुतेक मांग आणि महार. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या सरकारकडून जमीन मिळाली आणि जालन्याजवळ त्याने या लोकांचं गाव वसवलं, नाव ठेवलं बेथेल. हिब्रू शब्द आहे, अर्थ देवाचं घर. कल्पना करा, एकोणिसाव्या शतकातला मराठवाडा, आणि ब्राह्मण घरात जन्मलेला माणूस मांगांच्या पोरांबरोबर एका पंगतीत जेवतोय, त्यांच्या शेतीची, शाळेची, विहिरीची काळजी करतोय. त्याच्या मनात साहेबाचं राज्य होतं की येशूचं, यावर विद्वानांनी वाद घालावा. मांगाला त्या दिवशी विहिरीचं पाणी स्वतःच्या हाताने काढायला मिळालं.

आणि हे कुणी बाहेरून येऊन मांगाच्या डोक्यात घातलं असंही नाही. प्रश्न आमच्याच पोरीने आधी विचारला होता. मुक्ता साळवे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मांगाची कोवळी पोरगी. १८५५ मध्ये तिचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये दोन भागांत छापून आला. महार-मांगांच्या दुःखावर. वेद आम्हाला बघायचेही नाहीत तर मग आमचा धर्म तरी कोणता, अशा अर्थाचा जाब तिने थेट देवालाच विचारलाय. 'ज्ञानोदय' हे मिशनऱ्यांचं पत्र, १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झालेलं. ते तिला छापायला मिळालं हेही लक्षात घ्या. दुसरं कोणतं पत्र मांगाच्या पोरीचा लेख छापत होतं त्या वर्षी?

नारायण शेषाद्री १८७३ मध्ये न्यूयॉर्कला गेला, तिथल्या एका मोठ्या ख्रिस्ती परिषदेत बोलायला. त्याच वर्षी जोतीरावांची 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाली, आणि ती त्यांनी अर्पण केली अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी काळ्या गुलामांना मुक्त केलं. तिकडेही एक बेथेल आहे. फिलाडेल्फियात. गुलामीतून सुटलेल्या रिचर्ड अॅलन या काळ्या धर्मोपदेशकाने ते १७९४ साली उभं केलं. का, तर गोऱ्यांच्या चर्चमध्ये प्रार्थनेला गुडघे टेकलेल्या काळ्या माणसांना उठवून मागे जायला सांगितलं गेलं. अॅलन आणि त्याचे सोबती उठले आणि बाहेरच पडले. पण येशूला सोबत घेऊन बाहेर पडले. मला ही गोष्ट फार आवडते. मालकाचाच धर्म, मालकानेच शिकवलेला, आणि गुलाम म्हणतो, हा देव तुमचा नाहीच, आमचा आहे, तुम्ही नीट वाचलं नाही.

आपल्या शहराचंही सांगायला हवं. छावणीतलं क्राइस्ट चर्च सगळ्यांनी बाहेरून बघितलेलं असतं आणि ते इंग्रज साहेबांचं म्हणून सोडून दिलेलं असतं. पण इथल्या खेड्यापाड्यांत चर्च मिशनरी सोसायटीचं काम वाढवलं ते रतनजी नौरोजी यांनी. जन्माने पारशी. त्यांच्या मंडळीत आले ते परत महार आणि मांगच. कॅथलिकांचं काम वैजापूरकडे, घोगरगावच्या बाजूला. तिथल्या परदेशी फादरला लोक गुरियनबाबा म्हणायचे आणि आजही म्हणतात. बाबा. आपली माणसं एखाद्याला बाबा म्हणतात तेव्हा त्याचा पासपोर्ट बघत नाहीत.

दुष्काळात धान्य वाटलं म्हणून लोक ख्रिश्चन झाले, हा आरोप जुना आहे आणि अगदीच खोटा नाही. १८७६ ते ७८ आणि मग १८९९-१९०० चा तो छप्पनचा दुष्काळ, माणसं रस्त्यावर मरत होती. ज्याने पोराच्या तोंडात घास घातला त्याच्या देवाकडे माणूस वळला तर त्याची लाज त्या माणसाला वाटायला हवी की ज्यांच्या पेवात ज्वारी होती त्यांना, हे तुम्ही ठरवा. आणि पाऊस पडल्यावर बरेच लोक परत गेले, हेही खरं. जे राहिले ते कशासाठी राहिले, याचं उत्तर धान्यात नाही.

लाटच आली असेल तर आकड्यात दिसली असती. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिश्चन ०.९६ टक्के आहेत. साधारण पावणेअकरा लाख, त्यात वसई-मुंबईचे जुने कॅथलिक आलेच. २००१ मध्ये हे प्रमाण १.१ टक्क्याच्या आसपास होतं. वाढलं नाही, कमी झालं. पुढची जनगणना काय म्हणेल ते म्हणेल.

आता चर्चला सोडतो असं समजू नका. मायला पेल्याचा काठ पुसलेला चालला, पण माझ्या मामेबहिणीच्या सोयरिकीच्या वेळी त्याच मंडळीतल्या एका घराने हळूच विचारलं, "तुम्ही मूळचे कोण?" मूळचे! महारातून ख्रिस्ती झालेले आणि मांगातून झालेले यांच्यात लग्नं जमत नाहीत, ही आपल्याकडची उघड गोष्ट आहे, फक्त उपासनेत बोलली जात नाही. नगरकडेही तेच, जालन्याकडेही तेच. पाळकाच्या नेमणुकीची भांडणं, ट्रस्टच्या जमिनींची भांडणं, त्यावर मी स्वतः बातम्या केल्यात आणि शिव्याही खाल्ल्यात. बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखलं होतं. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांबद्दल त्यांनी सविस्तर लिहिलंय. चर्चने जात मोडली नाही, आणि ख्रिस्ती झालेला माणूस हक्काच्या लढाईतून बाजूला होतो, ही त्यांची तक्रार होती. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात घोषणा केल्यावर एकवीस वर्षं त्यांनी विचार केला आणि नागपुरात बुद्धाकडे गेले. तो विचार त्यांनी याच शहरात मिलिंद कॉलेज उभारतानाही केला असणार. माझा चुलता, अण्णाभाऊंच्या जयंतीचा मिरवणूकप्रमुख, मायला नेहमी ऐकवायचा, "वहिनी, बाबासाहेबांनी नाकारलं ते तुम्ही घेतलं." माय म्हणायची, "बाबासाहेब शिकलेले व्हते भाऊजी, त्यांना एकवीस वर्ष होती. मला त्या आठवड्यात पाहिजे व्हतं."

यावर चुलत्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.

कायद्याकडे मात्र उत्तर आहे, आणि तेच मला सगळ्यात जास्त टोचतं. १० ऑगस्ट १९५० ला राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी आली. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं की हिंदू सोडून दुसरा धर्म मानणारा अनुसूचित जातीचा नाही. १९५६ ला त्यात शिखांना घेतलं, १९९० ला बौद्धांना. ख्रिश्चन आणि मुसलमान बाहेरच. म्हणजे १९९६ मधल्या त्या रविवारी पाळकसाहेबांनी मायच्या डोक्यावर पाणी घातलं, त्या क्षणी ती कायद्याने मांग राहिली नाही. सकाळी होती, दुपारी नव्हती. सिडकोतला कान तुटलेला कप त्या दिवशीही खिळ्यालाच होता, पण त्याबद्दल तक्रार करायचा जो एक खास कायदा देशाने केला होता तो तिच्यासाठी संपला. आमच्या महाराष्ट्रात अशा लोकांना ओबीसीत जागा दिलीय. पण शिष्यवृत्ती, राखीव सरपंचपद, अ‍ॅट्रॉसिटीचं संरक्षण हे अनुसूचित जातीचं म्हणून जे मिळतं ते गेलंच.

मद्रासच्या सूसैची केस माहीत नसेल तर ऐका. रस्त्याच्या कडेला बसून चपला शिवणारा माणूस. सरकारने अनुसूचित जातीच्या चर्मकारांना फुकट टपऱ्या दिल्या, त्याच्या शेजारी बसणाऱ्याला मिळाली, याला नाही, कारण हा ख्रिश्चन. तीच चप्पल, तीच आरी, तोच रस्ता. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की धर्म बदलल्यावरही जातीचा त्रास नव्या समाजात तितक्याच तीव्रतेने चालू आहे हे दाखवावं लागेल, आणि तसा पुरेसा पुरावा समोर नाही. चपला शिवणाऱ्याने समाजशास्त्राचा पुरावा आणायचा. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये तो तिसरा परिच्छेद काढून टाका अशी शिफारस केली. २००४ पासून याचिका सर्वोच्च न्यायालयात आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा नवा आयोग नेमला, दोन वर्षांसाठी, मग त्याला मुदतवाढ. २६ नोव्हेंबर २०२४ ला, म्हणजे नेमक्या संविधान दिनी, पुद्दुचेरीच्या एका बाईच्या प्रकरणात कोर्ट म्हणालं की मनात श्रद्धा नसताना केवळ आरक्षणासाठी धर्म बदलल्याचं सांगणं ही संविधानाशी फसवणूक आहे. २०२५ मध्ये आंध्रच्या उच्च न्यायालयाने ठरवलं की ख्रिश्चन झालेल्याला अ‍ॅट्रॉसिटीचा आधार नाही. आणि जुलै २०२५ मध्ये आपल्या मुख्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितलं की हिंदू, बौद्ध, शीख सोडून इतरांकडे अनुसूचित जातीचं प्रमाणपत्र असेल तर ते रद्द करू. 'क्रिप्टो ख्रिश्चन' हा शब्द तेव्हाच सभागृहात आला आणि दुसऱ्या दिवशी आमच्या पानांवर. मी स्वतः हेडिंगला घेतला नाही, पण शेजारच्यांनी घेतला.

एक बाजू कळते मला. अनुसूचित जातीच्या जागा थोड्या आहेत, त्यात वाटेकरी वाढले तर माझ्याच भावकीतल्या पोराचं नुकसान. कित्येक बौद्ध आणि मातंग कार्यकर्ते याच कारणाने विरोध करतात आणि त्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. मर्यादा वाढवण्यावर बोला, वेगळ्या कोट्यावर बोला. पण ज्याला मारलं त्याने मार खाताना कोणत्या देवाचं नाव घेतलं यावरून गुन्ह्याचं कलम ठरावं, हे मला पटत नाही. मारणारा बाप्तिस्म्याचा दाखला मागून मारत नसतो.

मी स्वतः बाप्तिस्मा घेतलेला नाही. देव आहे की नाही यावर माझं मत दर पावसाळ्यात बदलतं. माझे कागद हिंदू-मांग आणि ते खरे आहेत. माझ्या पोरीच्या व्हॅलिडिटीच्या वेळी दक्षता पथकाचे लोक घरी येणार होते. नातेवाइकांचे फोन सुरू झाले, भिंतीवरचा क्रूस आणि वचनाची पाटी दोन दिवस काढून ठेवा. मी मायला काहीच बोललो नाही, पण तिला कळलं. म्हणाली, "मी तुमच्या कागदात न्हाई, तर भित्तीवरबी नको का?" ती त्या दिवशी सकाळपासून बरोबर क्रूसाखाली खुर्ची टाकून बसली. हातात पवित्र शास्त्र, मोठ्या अक्षरांचं. पन्नाशीनंतर अक्षर ओळखायला शिकली होती ती, स्तोत्रसंहितेवर बोट ठेवून. आलेले साहेब सभ्य होते. त्यांनी विचारलं, "आजी, तुम्ही कधीपासून?" तिने साल सांगितलं. "आणि मुलगा?" माय म्हणाली, "त्याला अजून वेळ हाय." साहेबांनी लिहून घेतलं. व्हॅलिडिटी मिळाली. मी आणि माझी बायको कागदोपत्री जे आहोत तेच प्रत्यक्षात होतो, त्यामुळे न मिळायचं कारण नव्हतं. पण पोरीने त्या रात्री मला विचारलं, पप्पा, आजी आपल्यात नाही का? तेरा वर्षांच्या पोरीला १९५० चा आदेश कसा समजावायचा, हे मला डिप्लोमात कुणी शिकवलं नव्हतं.

२०२४ च्या उन्हाळ्यात माय गेली. झोपेतच. गावाकडच्या भावकीचं म्हणणं होतं की गावी न्या, तिथे आपली जागा आहे. मंडळीचं म्हणणं, रजिस्टरात नाव आहे, छावणीतल्या दफनभूमीत जागा देऊ. तिने मावशीजवळ सांगून ठेवलं होतं, त्यामुळे वाद झाला नाही. गावाकडून दोन टेम्पो भरून माणसं आली. पांढऱ्या साड्यांतल्या मंडळीच्या बायका एका बाजूला गाणी म्हणत होत्या, आमचे लोक दुसऱ्या बाजूला गुलाल घेऊन उभे. कुणाला काय करायचं कळत नव्हतं. पेटी खाली सोडायच्या आधी माझा चुलता पुढे आला. पंच्याहत्तरीचा म्हातारा, हातात पिशवी. पिशवीतून हलगी काढली. बापाचीच होती. पान नवीन चढवलेलं, कडं जुनंच. पाळकसाहेबांकडे बघून म्हणाला, "आमच्यात वाजवत्यात. कुनी वाजवायला लावलेलं न्हाई आज, मीच वाजवतोय. चालंल का?"

मंडळीतल्या दोन वडीलधाऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. पाळकसाहेब तरुण होते, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "वाजवा काका. पाच वाजता दुसरी एक माती आहे, तोपर्यंत वाजवा."